हातात चिप बसवून दार उघडायचं म्हटलं तर : काय जमतं, काय फसतं?

उचापतखोर

अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कातडीखाली २ मिमी जाड, १२ मिमी लांब काचेची नळी टोचून घ्यायची आणि कार्डं-किल्ल्यांना रजा द्यायची, हा प्रकार परदेशात बरीच वर्षं चालू आहे. केविन वॉरविक या प्राध्यापकांनी इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात १९९८ मध्येच हातात चिप घालून दारं आणि दिवे चालवून दाखवले होते. मग आजही इतकी कमी माणसं हे का करतात, असा प्रश्न पडतो. या विषयातले बरेच जाणकार इथे आहेत, म्हणून धागा काढतोय.

समोर असलेली दारं तीन. सोसायटीच्या लॉबीचं दार (जाड पांढरं कार्ड, मागे दहा आकडे छापलेले), ऑफिसचं दार (पातळ, एटीएमसारखं कार्ड) आणि घराचं डिजिटल लॉक (गोल टॅग लागतो). तर :

१. एकाच चिपवर तिन्ही उघडतील का?
२. कार्डाची नक्कल चिपवर करता येते का, की चिपच सिस्टिममध्ये नोंदवायची?
३. दुसऱ्या कोणी येताजाता ती वाचून घेतली तर?
४. उद्या काढायची झाली तर?

भोचक

मी पहिला! पाकीट कधी शिवून घेणार हातात?

ताम्रतार

चिपचा विचार मागाहून करा, आधी रीडर कुठला आहे ते बघा. नव्वद टक्के घोळ तिथेच होतो.

कार्ड फोनच्या पाठीला लावा. एनएफसी (अगदी जवळून चिप वाचायची फोनमधली सोय) चालू असताना फोनने प्रतिसाद दिला तर कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झचं. फोन ढिम्म राहिला तर बहुधा १२५ किलोहर्ट्झचं. पातळ कार्ड जोरदार टॉर्चसमोर धरलंत तर आतली कॉईलही दिसते. कडेकडेने चौकोनी, चारपाच वेढे असतील तर १३.५६, मधे गोल, दाट, शेकडो वेढ्यांचं वेटोळं असेल तर १२५. जाड पांढरं आणि मागे दहा आकडे म्हणजे ईएम४१०० जातीचं १२५ वालं, हे जवळजवळ नक्की.

त्या आकड्यांत सगळं कार्ड उघडं पडलेलं असतं. समजा मागे ००१२३४५६७८ आणि त्यापुढे १८८,२४९१० असं छापलंय. हे दोन वेगळे नंबर नाहीत. १२३४५६७८ ही संख्या हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या मोजणीत) बीसी६१४ई होते. पुढचं बीसी म्हणजे १८८ आणि मागचं ६१४ई म्हणजे २४९१०. बहुतेक रीडर कंट्रोलरकडे (दार उघडायचं की नाही ते ठरवणाऱ्या पेटीकडे) एवढाच भाग पाठवतात : ८ बिटांचा साइट कोड, १६ बिटांचा कार्ड नंबर आणि पॅरिटीचे (चूक पकडायचे) २ बिट, मिळून २६ बिटांचा वीगँड (रीडर-कंट्रोलरमधली ठरलेली बोली). कार्डात खरं तर ४० बिट असतात, पण वरचे १६ वाटेतच गळतात. म्हणजे लॉबीच्या दाराला एकूण १,६७,७७,२१६ च नंबर ओळखू येतात.

चिपा कुठल्या? १२५ साठी टी५५७७. ही लिहिता येते, त्यामुळे ईएम कार्डाची नक्कल तिच्यावर बसते. १३.५६ साठी एनटॅग २१६. तिच्यात तुमच्यासाठी ८८८ बाइट जागा असते, पण तिचा स्वतःचा क्रमांक कारखान्यात कोरलेला, तो बदलत नाही. दोन्ही एकाच काचेच्या नळीत बसवलेली जोडचिपही मिळते. म्हणजे तुमचं उत्तर असं : लॉबीला नक्कल, घराच्या लॉकला नोंदणी (लॉक एनटॅग घेत असेल तर), आणि ऑफिस... ते कार्ड कुठल्या जातीचं आहे त्यावर. नुसतं ‘पातळ’ म्हणून भागणार नाही.

सदाशिवपेठी

दार उघडून आत गेल्यावर कामच करायचं आहे ना? मग एवढी घाई कशाला?

मिलिमीटर

ताम्रतार यांच्या प्रतिसादात एक भर. ‘चिप बसवली पण दार उघडत नाही’ ही सगळ्यांत मोठी तक्रार असते, आणि बहुतेकदा दोष भूमितीचा असतो.

कार्डातली कॉईल सपाट असते, नळीतली फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या) बारीक कांडीवर गुंडाळलेली असते. चुंबकीय क्षेत्र त्या कांडीच्या लांबीतून गेलं पाहिजे. रीडरच्या मधोमध क्षेत्र पृष्ठभागातून सरळ बाहेर येतं. तिथे हात आडवा टेकवला की चिपला जवळपास काहीच मिळत नाही. उलट रीडरच्या कॉईलची तार जिथून जाते त्या कडेवर क्षेत्र पृष्ठभागाला समांतर वळतं. तिथे चिप तारेला काटकोनात आडवी येईल असा हात ठेवा. मधोमधच वाचायची असेल तर मूठ वळून बोटांचे सांधे रीडरकडे करा, कारण चिप तर्जनीच्या हाडाला समांतर बसवलेली असते.

अंतर? १२५ च्या स्वस्त रीडरवर जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. फोनवर तर टेकवायलाच लागतं, तेही नेमक्या जागी. आयफोनला ती जागा वरच्या कडेला सापडते, अँड्रॉइडमध्ये प्रत्येक मॉडेलला वेगळीकडे.

लोखंडी चौकटीवर ठोकलेला रीडर हा आणखी एक खलनायक. धातूत भोवरा-प्रवाह तयार होतात, क्षेत्र मरतं. कार्डाला ते चालून जातं, नळीला नाही. मागे १०-१५ मिमीचा प्लॅस्टिकचा ठोकळा किंवा फेराइटची पट्टी घातली की बऱ्याचदा सुधारणा होते. पण सोसायटीच्या रीडरला हे करायचं तर सेक्रेटरीसाहेबांची परवानगी आली!

म्हणून सुईच्या आधी चाचणी : त्याच चिपची, त्याच मापाची सुटी काचेची नळी आणा, चिकटपट्टीने बेचक्यावर तर्जनीच्या हाडाला समांतर लावा, आणि आठवडाभर तिन्ही दारांवर चालवून बघा. नळी कातडीवर असताना जे दार अडतं ते कातडीखाली गेल्यावर उघडायची आशा नको.

भोचक

आणि सोसायटीच्या गाडीच्या गेटचं काय? काचेवरचा स्टिकर लांबूनच वाचतो की! तसली चिप घ्या ना.

ताम्रतार

@भोचक, तो स्टिकर यूएचएफ (लांबून वाचता येणाऱ्या जातीचा), आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास. या कंप्रतेला शरीरातलं पाणी गिळून टाकतं, आणि अँटेनाही बोटभर लांब लागतो. गेटसाठी गाडीवरचा स्टिकरच बरा.

सुईदोरा

वैद्यकीय बाजू कोणी लिहिली नाही म्हणून.

जागा : हाताच्या मागच्या बाजूला, पहिल्या आणि दुसऱ्या करभास्थीमधली (अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या तळहातातल्या हाडांमधली) सैल कातडी. तर्जनीच्या सांध्यापासून आणि हाडाच्या कडेपासून दूर, नाहीतर मूठ आवळताना नळी हाडावर दाबली जाते. खोली : कातडीच्या लगेच खाली, स्नायूत नाही. फार खोल गेली तर रीडर पकडत नाही आणि काढताना शोधाशोध होते. फार वर राहिली तर कातडीवर ताण येऊन ती बाहेर पडू शकते.

सुई जाड असते, १२ गेज, बाहेरचा व्यास पावणेतीन मिमी. कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा, सुईची तिरकी कड वर ठेवून जवळजवळ आडवी आत घालायची, पूर्ण लांबी आत गेली की सुई मागे घेत घेत नळी सोडायची. दट्ट्या जोरात ढकलून नळी पुढे रेटायची नसते. भुलीचं इंजेक्शन हे डॉक्टरचं काम, टॅटूवाल्याचं नाही. चिप आणि सुई इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेल्या बंद पाकिटातलीच घ्या. स्पिरिटात बुडवून काढलेली सुटी नळी चालत नाही.

नंतर : २४ तास पट्टी कोरडी ठेवायची, जागा चोळायची नाही, दोन आठवडे जड पिशव्या, डंबेल्स, बुलेटचा क्लच बंद. पहिले दोन दिवस सुजेमुळे वाचन बिघडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काही आठवड्यांत भोवती तंतुमय आवरण तयार होतं आणि नळी जागेवर स्थिरावते. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला तर वाट बघू नका.

ज्यांना केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारे जाड व्रण) होतात, साखर ताब्यात नाही किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हा नाद करू नये. एमआरआयच्या तंत्रज्ञाला आधी सांगायचं. चिपभोवतीच्या भागात प्रतिमा बिघडते, म्हणून हाताचाच एमआरआय असेल तर अडचण. विमानतळावरची चौकट एवढ्याशा धातूला सहसा ओरडत नाही.

आणि कुत्र्यांसाठीची स्वस्त चिप स्वतःच्या हातात घालू नका. ती सरकू नये म्हणून बऱ्याच कंपन्या तिला मुद्दाम पॉलिमरचं टोपण किंवा लेप देतात. ऊती त्यात घुसून धरतात, मग काढायला आजूबाजूचं मांसही कापावं लागतं. माणसांसाठीच्या नळ्या बहुधा गुळगुळीत ठेवतात, त्या छोट्याशा छेदातून निघतात. (प्रश्न क्र. ४ चं उत्तर.)

गोठ्यावरचा_डॉक्टर

सुईदोरा यांना दुजोरा. शिवाय ती हातात घालून दार उघडायचंही नाही. जनावरांच्या चिपा १३४.२ किलोहर्ट्झवर, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ प्रमाणे चालतात. आत फक्त १५ आकडी क्रमांक, तोही न बदलणारा. पहिले तीन आकडे देशाचे (भारताचा ३५६) किंवा ९०० च्या पुढे असतील तर उत्पादकाचे.

विषय निघालाच आहे तर कुत्रं घेऊन जर्मनी-नेदरलँडला जाणाऱ्यांसाठी क्रम लिहून ठेवतो. आधी चिप, मग रेबीजची लस. उलट झालं तर लस मोजलीच जात नाही, पुन्हा टोचावी लागते. लशीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी, निकाल ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली किंवा जास्त. रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं, कारण भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नाही. शेवटी पशु संगरोध कार्यालयाचं प्रमाणपत्र (आपल्याला मुंबईचं), ते दिल्यापासून १० दिवसांत तिथे पोचायचं. मानेमागे, खांद्यांच्या पात्यांच्या मधे चिप असते. पण खाली पुढच्या पायापर्यंतही सरकते, म्हणून रीडर सगळ्या अंगावरून फिरवायला सांगा. लॅबच्या कागदावर १५ पैकी एक आकडा चुकला तरी सगळं पुन्हा करावं लागतं. रक्त घ्यायच्या आधी त्याच टेबलावर चिप वाचून, स्टिकर चिकटवूनच फॉर्म भरा.

शेवग्याची_शेंग

हे छान झालं, वाचनखूण साठवली. पण धागा माणसांच्या हाताचा आहे ना?

कुलूपफोड्या

सुरक्षेवर येतो. ‘शरीरात आहे म्हणजे सुरक्षित’ हा मोठा गैरसमज आहे.

ईएम४१०० ला विचारलं की ती आपला नंबर सांगते. कोणी विचारलं, हे तिला कळत नाही. टी५५७७ वर तुम्ही त्याचीच नक्कल ठेवता, म्हणजे सुरक्षा अगदी त्या कार्डाएवढीच. अमेरिकेत ‘व्हेरिचिप’ला २००४ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. आत १६ आकडी क्रमांक, आणि रुग्णाची माहिती त्या क्रमांकावरून बाहेरच्या डेटाबेसमध्ये. २००६ मध्ये जोनाथन वेस्टह्यूज यांनी ती हातातूनच वाचून नक्कल करून दाखवली. २०१० मध्ये विक्री थांबली.

पातळ कार्ड मायफेअर क्लासिक (१३.५६ ची जुनी जात) असेल तर त्यातली क्रिप्टो-१ ही गुप्तलेखनाची पद्धत २००८ पर्यंत पूर्ण फुटली होती. डेसफायर (त्याच घराण्यातली भक्कम जात) असेल तर त्यात १२८ बिटांची एईएस ही गुप्तलेखनाची किल्ली असते. तिची नक्कल होत नाही आणि होऊही नये. तिथे रस्ता एकच : डेसफायर चिपच बसवा आणि ऑफिसच्या सिस्टिमवाल्याने ती आपल्या किल्ल्यांनी नोंदवून द्यावी.

खरी गंमत मात्र अशी की भारी कार्ड देऊनही रीडर नुसता यूआयडी (चिपचा उघडा ओळखक्रमांक) वाचतो, किल्लीबंद माहिती नाही, असं सर्रास दिसतं. मग ती एईएस शोभेची. ऑफिसला हा एक प्रश्न विचारा : ‘रीडर सेक्टर किंवा फाइल वाचतो का, की फक्त यूआयडी?’

@उचापतखोर, प्रश्न क्र. ३ : येताजाता वाचणं तितकं सोपं नाही, कारण अंतर सेंटिमीटरभर. मी भिंतीवरच्या रीडरची चिंता जास्त करीन. तो दोन स्क्रूंनी उघडतो, मागे हिरवी तार डेटा-शून्य, पांढरी डेटा-एक. तिथे छोटं उपकरण जोडलं की येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर उघडा. हातातल्या चिपने त्यात काही फरक पडत नाही.

लिहितानाच्या दोन चुका टाळा. एक, बाजारात मिळणारी पिस्तुलासारखी नक्कलयंत्रं टी५५७७ वर गुपचूप स्वतःचा पासवर्ड टाकतात. पुढे प्रॉक्समार्कने (चिपा वाचायच्या-लिहायच्या यंत्राने) लिहायला गेलात की चिप दाद देत नाही. यंत्राचा ठराविक पासवर्ड माहीत असेल तर सुटते, पण हातातल्या चिपवर हा जुगार का खेळायचा? दोन, फोनच्या एनएफसी ॲपमधलं ‘फक्त वाचनीय करा’ हे बटण. एनटॅगचे लॉक बिट एकदा लागले की परत निघत नाहीत.

ताम्रतार

+१. प्रॉक्समार्क ३ वर क्रम : आधी ‘एलएफ सर्च’, मूळ कार्डाचा नंबर कागदावर. मग चिपवर ‘एलएफ टी५५एक्सएक्स डिटेक्ट’, आणि ते सलग चारपाच वेळा बरोबर आल्याशिवाय लिहायचं नाही. हात हलला आणि शून्य क्रमांकाचा ब्लॉक अर्धवट लिहिला गेला तर चिप ओळखूच येत नाही. ईएम४१०० साठी त्या ब्लॉकमध्ये ००१४८०४० असतं. लिहून झाल्यावर पुन्हा सर्च करून कागदाशी ताडून बघा. आणि हे लिहिण्याचं काम टोचून घेण्याआधी, नळी टेबलावर असताना शिका.

भोचक

जीपीएस असतं का हो त्यात? बायको विचारत्ये.

मिलिमीटर

बॅटरीच नाही तर जीपीएस कुठून? रीडरच्या क्षेत्रात आली की जागी होते, बाहेर काढलं की मेली. वहिनींना सांगा, खिशातला फोन पुरेसा आहे.

स्टॉकहोमकर

स्वीडनबद्दल दरवेळी ‘तिकडे सगळ्यांच्या हातात चिपा’ असं लिहिलं जातं. अतिशयोक्ती आहे. २०१५ पासून स्टॉकहोमच्या ‘एपिसेंटर’ या कार्यालयसंकुलात दारं आणि प्रिंटर चिपने चालत. २०१७ मध्ये एसजे रेल्वेने सोय दिली, पण चिपमध्ये तिकीट नसे, फक्त सदस्य क्रमांक. तिकीट तपासनीस फोनने क्रमांक वाचून तिकीट शोधायचा. त्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ‘थ्री स्क्वेअर मार्केट’ने पन्नासेक कर्मचाऱ्यांना त्यांच्या राजीखुशीने चिपा दिल्या. बार्सिलोनाच्या एका नाइटक्लबने तर २००४ मध्येच खास पाहुण्यांना ती टोचून दारूचे पैसे घेतले होते. या प्रत्येक ठिकाणी जे चिपने होत होतं ते आज फोन करतो, आणि फोन टोचावा लागत नाही. उचापतखोर यांच्या ‘कमी माणसं का’ला माझ्यापुरतं हेच उत्तर.

कुलूपफोड्या

असहमत. फोनची बॅटरी संपते. शिवाय १२५ चा रीडर कुठलाही फोन उघडू शकत नाही, आणि आपल्याकडची बरीच दारं त्यावरच आहेत.

शेवग्याची_शेंग

मग अंगठी घ्या की! त्याच चिपा अंगठीतही मिळतात. रीडर बदलला तर अंगठी बदलायची, हात कापायला नको.

कुलूपफोड्या

अंगठी हा चांगला पर्याय आहे, नाकारत नाही. फक्त धातूची घेऊ नका, सिरॅमिक किंवा राळेची घ्या. आणि ती हरवते, चोरीला जाते, दुसऱ्याला देता येते. हजेरीसाठी तर ‘देता येते’ हाच मुद्दा असतो.

शेवग्याची_शेंग

हजेरीसाठी मित्राच्या हाती अंगठी देणारे लोक आपल्या फोरमवर नाहीतच मुळी :)

कलमबहाद्दर

‘ऑफिस नोंदवून देईल’ इथे थोडं थांबा. कर्मचाऱ्याने स्वतः मागणं वेगळं, ऑफिसने सुचवणं वेगळं. विस्कॉन्सिनने २००६ मध्येच सक्तीने चिप बसवण्यावर बंदी घातली, दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड. तिथली २०१७ ची योजना ऐच्छिक होती ती याच कायद्याच्या राज्यात.

आपल्याकडे चिपचं नाव घेऊन कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात गोपनीयता घटनेच्या कलम २१ खाली आली, पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचे. खासगी मालकासाठी २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा बघावा लागेल. त्याच्या कलम ६ नुसार संमती मुक्त आणि बिनशर्त हवी, मागेही घेता येते. पण कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणांसाठी संमतीविना डेटा वापरायची वाट ठेवली आहे. दार कधी उघडलं याची नोंद त्यात घुसवता येईल. शरीरात काही टोचणं हा मात्र डेटाचा प्रश्न नाही, त्याला ते कलम पुरत नाही असं माझं मत. चिप आपल्या पैशाने, आपल्या मालकीची घ्या आणि नोकरी सोडताना तो नंबर सिस्टिममधून काढल्याचा मेल मागून घ्या.

सदाशिवपेठी

मेट्रो, यूपीआय?

ताम्रतार

यूपीआय फोनमधल्या ॲपवर चालतं, हातातल्या चिपने होत नाही. मेट्रोचं एनसीएमसी (प्रवासासाठीचं देशभरचं कार्ड) हे रुपेचं बँक कार्डच आहे. त्यातल्या किल्ल्या बाहेर काढता येत नाहीत, म्हणून नक्कल अशक्य. परदेशात पैसे देणाऱ्या चिपा निघाल्या, पण त्यांच्यावर कार्डासारखीच मुदत असते. मुदत संपली की हातात नुसती काच.

उचापतखोर

सगळ्यांचे आभार. टॉर्च लावून बघितलं : ऑफिसच्या कार्डाची कॉईल चौकोनी, फोन ‘डेसफायर’ दाखवतोय. म्हणजे ऑफिस सध्या बाद. लॉबी आणि घर यासाठी जोडचिप, आधी सुटी नळी चिकटपट्टीने लावून बघायची.

दोन शंका उरल्या. लाइट गेली तर? आणि डावा हात की उजवा?

मिलिमीटर

लॉबीला चुंबकी कुलूप असेल तर वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्यावर ते आपोआप सुटतं, आगीच्या नियमासाठी तसंच बसवतात. स्ट्राइक कुलूप (चौकटीतली विजेवर सुटणारी खाच) असेल तर ते बंदही राहू शकतं, सेक्रेटरींना विचारा. घराचं लॉक पेन्सिल सेलवर असतं. बहुतेकांना खाली ९ व्होल्टची बॅटरी टेकवायला दोन ठिपके किंवा यूएसबीचं भोक दिलेलं असतं. लोखंडी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवाच.

हात : रीडर दाराच्या ज्या बाजूला आहे तो बघा. दोन्ही दारांना सारखाच नसेल तर डावा. उजव्या हातात पिशवी असते.

भोचक

आणि डाव्या हातात फोन.